एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी

मला एक खुर्ची हवी होती. मागणी एवढीच. घरात खुर्च्या होत्या, नाही असं नाही. पण त्यातली एखादी टेकवायला जागा, आणि तिच्यावर बसल्यावर कुणी काही विचारणार नाही असा अर्धा तास, हे दोन्ही मला एकदम हवं होतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर. मी हे घरात चांगल्या स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. तरी ते कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, कारण आमच्या घरात माझं बोलणं कुकरच्या शिट्टीसारखं ऐकतात. कानावर पडतं, पण उठायचं मीच.

स्वारगेटजवळच्या एका पतसंस्थेत मी काउंटर सांभाळते. दिवसभर समोर माणूस आणि माणसाच्या तोंडात प्रश्न. मॅडम, व्याज कधी जमा होणार. मॅडम, सही इथे की इथे. मॅडम, पेन आहे का, आणि मग माझं पेन घेऊन पसार. तिथून कोथरूडपर्यंत बसमध्ये उभं राहून यायचं आणि तिसरा मजला चढायचा. लिफ्ट नाही. वर आलं की वन बीएचके फ्लॅट आणि त्यात आम्ही चौघं. हॉलमध्ये माझे यजमान दिगंबर आणि त्यांचा टीव्ही. बेडरूममध्ये आमची ऋतुजा, जिचं ऑफिस लॅपटॉपमध्ये असतं आणि लॅपटॉप आमच्या पलंगावर. स्वयंपाकघरात सासूबाई. म्हणजे मी जिथे जाईन तिथे कुणीतरी आधीच आहे आणि त्याला माझ्याकडून काहीतरी हवं आहे.

एकदा मी बाथरूममध्ये बादली पालथी घालून नुसती बसले होते. नळ थोडा सोडून ठेवला होता, संशय नको म्हणून. तर दारावर थाप. "हेमा, गॅसवर दूध ठेवलंयस का गं?" सासूबाई विचारत होत्या. गॅस त्यांच्यासमोर होता, दूध त्यांच्यासमोर होतं, आणि विचारायला त्या पॅसेज ओलांडून माझ्यापर्यंत आल्या होत्या.

तेव्हा मी ठरवलं, बाल्कनी.

बाल्कनी आम्हाला आहे. पॅसेजच्या टोकाला, घराच्या मागच्या अंगाला, खाली पार्किंग आणि समोर दुसऱ्या सोसायटीची पाठ. पण ती आहे हे फक्त फ्लॅटच्या कागदांवरून कळायचं. प्रत्यक्षात तिथे एक बंद पडलेला कूलर, चाकं गेलेली सुटकेस, ऋतुजाची शाळेतली सायकल, गणपतीचं मखर, स्कूटरचा टायर आणि कपडे वाळत घालायचा स्टँड होता. स्कूटर विकून जमाना झाला होता, टायर राहिला होता. यातल्या प्रत्येक वस्तूला घरात एक वकील होता. कुठलीही उचलली की कुणीतरी म्हणायचं, "राहू दे, लागेल कधीतरी."

मार्चमधल्या एका रविवारी मी कुणालाच न विचारता भंगारवाल्याला हाक मारली. तो वर आला, सामान घेऊन खाली गेला, मी रिकाम्या बाल्कनीत उभी राहून कमरेवर हात ठेवले आणि मला अगदी गार वाटलं. मग खाली वाकून बघितलं तर पार्किंगमध्ये दिगंबर त्याच्या हातगाडीवरून टायर उतरवून घेत होते. कूलरची मोटर त्यांनी आधीच काढून घेतली होती. "अगं, चांगली आहे ती," असं मला खालूनच ओरडून सांगितलं. ती चांगली मोटर आता आमच्या पलंगाखाली आहे.

रिकामी बाल्कनी बघून घरातले सगळे एकदम जागे झाले. इतकी वर्षं कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता प्रत्येकाला तिथे काय काय करता येईल ते सुचायला लागलं. मी म्हटलं, काही करायचं नाहीये. झाडून, पुसून एक खुर्ची ठेवायची आहे. त्यावर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लग्नाला साध्या साडीत निघाले आहे.

"आई, जस्ट खुर्ची? सो बोअरिंग," ऋतुजा म्हणाली आणि तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक मुलगी कमी खर्चात बाल्कनी कशी सजवायची ते दाखवत होती. तिची बाल्कनी आमच्या हॉलपेक्षा मोठी होती. तिथे झोपाळा होता, पुस्तकं होती, मांजर होतं. मी म्हटलं, "एवढ्या जागेत आपण चौघं राहतो." ऋतुजा म्हणाली, "साइज नसतो गं बघायचा. व्हाइब पकडायची."

दिगंबर म्हणाले, "खर्च करायचा नाही. घरातल्या घरात करायचं." हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. आमच्याकडे घरातल्या घरात जे जे झालं आहे ते सगळं मग बाहेरच्या माणसाला बोलावून काढून टाकावं लागलं आहे. पण ते पेटले होते. सुताराचे पैसे वाचवायचे म्हणून त्यांनी बोहरी आळीतून नवंकोरं ड्रिल मशीन आणलं. पहिलं भोक चुकलं. दुसरं त्याच्या शेजारी पाडलं, तेव्हा मधलं प्लॅस्टर खाली आलं. ते झाकायला फळी ठोकली. फळी रिकामी बरी दिसेना म्हणून तिच्यावर कुंड्या आल्या, आणि कुंड्यांना पाणी घातलं की ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागलं, म्हणून त्यांच्याखाली आमच्या जेवणाच्या ताटल्या गेल्या. आमच्या सजावटीचा इतिहास हा असा आहे.

रंगही घरातलाच. हॉलचा उरलेला पिवळट आणि ग्रिलचा उरलेला हिरवा एकत्र केला. "पिस्ता होईल बघ," दिगंबर म्हणाले. झाला तो शिळ्या पिठल्याचा रंग. त्यावर ऋतुजाने तापकीर गल्लीतून आणलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या माळा सोडल्या आणि खाली प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. सासूबाईंना ते गवत तळपायाला टोचायचं, म्हणून त्या चपला घालून बाल्कनीत जायला लागल्या, आणि चपलांची माती गवतात अडकली की ती काढायला माझी कंगव्यासारखी बोटं. टायरला रंग देऊन त्याचं स्टूल केलं. त्यावरच्या उशीला अभ्रा चांगला शोभत होता. शोभणारच. माझ्या बहिणीने महेश्वरहून आणलेली ओढणी होती ती, मी एकदाच घेतलेली.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अगं, तू वापरतच नव्हतीस," ऋतुजा म्हणाली. या घरात जपून ठेवणं आणि न वापरणं यात फरकच उरलेला नाही.

सासूबाई इतके दिवस नावं ठेवत होत्या, पण त्यांनाही राहवेना. त्या म्हणाल्या, मनीप्लँट पाहिजे. मी म्हटलं, रविवारी नर्सरीतून आणू. "विकतचा लागत नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता उचललेलाच लागतो." आणि खरंच, एका संध्याकाळी त्या तळमजल्यावरच्या शर्मिलाच्या खिडकीतून हातभर वेल कात्रीने कापून पदराखालून घेऊन आल्या. या वयात, गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी बाई कात्री घेऊन खाली गेली होती. शर्मिला दोन दिवसांनी बाल्कनी बघायला आली आणि नेमकी वेल लावलेल्या बाटलीसमोर उभी राहिली.

"अय्या, हा अगदी माझ्यासारखाच आहे हो."

"मनीप्लँट सगळे सारखेच दिसतात," सासूबाई म्हणाल्या.

"हो, पण याच्या पानावर माझ्या खिडकीच्या रंगाचा शिंतोडा आहे."

"मग चांगला लागेल," सासूबाई म्हणाल्या आणि तिला चहा विचारला. चहा मी केला.

एवढ्या सगळ्यात खुर्ची तेवढी मी स्वतः आणली. जुन्या बाजारातून, वेताची, हात असलेली, एका हाताचा वेत जरा सुटलेला. मी तिच्यावर तिथेच बसून बघितलं. पाठ बरोबर टेकत होती. रिक्षात मांडीवर घेऊन आणली आणि बाल्कनीच्या दाराच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवली.

"एकच?" दिगंबर म्हणाले. "बरं नाही दिसत. आल्यागेल्याला?"

"बाल्कनीत कोण येणार-जाणार आहे?" मी विचारलं.

काय विचारलं मी! त्या आठवड्यात सगळी सोसायटी बाल्कनी बघून गेली. आणि बाहेरच्यांचं एक वेळ चालेल, ते जातात. घरातल्यांचं काय करायचं? मी कामावरून यायचे तर खुर्चीत दिगंबरांचे मित्र पोपटराव. दिगंबर टायरवर, पोपटराव खुर्चीत, आणि दोघं मिळून देश चालवत असायचे. "या या, हेमावहिनी," पोपटराव माझ्याच खुर्चीत बसून मला म्हणायचे, "अहो, मस्त केलीय हो जागा. उठावंसंच वाटत नाही." ते दिसतच होतं. मला बसायला पालथी बादली मिळायची, म्हणजे मी बाथरूममध्ये जिथे होते तिथेच परत आले, फक्त आता समोर पोपटराव होते. आणि बादलीवर टेकतेय तोच दिगंबर म्हणायचे, "उभीच आहेस तर चहा टाकतेस का?"

पोपटराव नसले तर ऋतुजा. तिच्या ऑफिसच्या मीटिंगला मागे दिवे आणि वेल दिसले की बरं दिसतं. "फक्त पाच मिनिटं, आई," असं ती माइक बंद करून म्हणायची आणि मग तासभर इंग्लिशमध्ये बोलायची. ती नसली तर सासूबाई मेथी निवडत. मेथी नसली तर वाती वळत. खुर्चीवर कुणीच नाही असं दिसलं तर तिच्यावर सांडग्यांचं ताट असायचं, उद्याच्या उन्हाला आजच जागा धरलेली.

शेवटी एकदा जेवताना मी ताटावरून हात काढून घेतला आणि सांगितलं, "मी कामावरून आले की अर्धा तास बाल्कनी माझी. त्या वेळात तिथे कुणी नको."

तिघंही लगेच हो म्हणाले. "अगं, सांगायचं ना आधी," दिगंबर म्हणाले. आमच्याकडे सगळे एकदम हो म्हणाले की समजावं, यातलं काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा पोपटराव खुर्चीतून उठले, खरंच उठले, आणि म्हणाले, "या वहिनी, तुमची वेळ झाली म्हणे. बसा, मी टायरवर बसतो." आणि बसले. मग ते माझ्याशी त्यांच्या जावयाच्या नोकरीबद्दल बोलले. मी आत येऊन भाकरीचं पीठ असं आपटलं की सासूबाईंनी जपमाळ थांबवून माझ्याकडे बघितलं. मला रडावंसं वाटत होतं, आणि रडायलाही कुठे जायचं हा प्रश्न होताच.

मग तो मंगळवार आला.

मी तिसरा मजला चढून आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि आमचं पुढचं दार सताड उघडं होतं. ही सासूबाईंची रीत. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी यायची असते. बेल वाजवावी लागली नाही, त्यामुळे मी आल्याचं कुणाला कळलं नाही. हॉलमध्ये दिगंबर टीव्हीला नाक लावून मॅच बघत होते. बेडरूमचं दार बंद, आत ऋतुजाचं इंग्लिश. सासूबाई देवासमोर, डोळे मिटलेले, स्तोत्र चालू. मी चपला काढल्या, पर्स चपलांच्या रॅकवर ठेवली आणि पॅसेजच्या टोकाशी बघितलं. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

मी पावलं न वाजवता गेले आणि खुर्चीत बसले. पाठ टेकली. आणि तेवढ्यात मागे खट्ट झालं.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. पुढचं दार उघडायचं हा रीतीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे मागचं दार लावायचं, नाहीतर पुढून आलेली लक्ष्मी मागून निघून जाते. फ्लॅटला मागचं दार नसतं, पण सासूबाईंनी ते पद बाल्कनीच्या दाराला दिलेलं होतं. स्तोत्र संपवून, हातात निरांजन घेऊन त्या आल्या, न डोकावता दार ओढलं, आतली कडी घातली आणि गेल्या. मी भिंतीच्या आडोशाला बसलेली, त्यांना दिसणार कशी?

मी ताडकन उठले. दारावर थाप मारायला हात उचलला, आणि मारणार तेवढ्यात दारावरच्या झडपेतून दिगंबरांचा आवाज आला.

"हेमा नाही आली अजून?"

"बस मिळाली नसेल," सासूबाई म्हणाल्या.

माझा हात तसाच राहिला. मी अजून आलेली नव्हते. बसमध्ये होते, कुठेतरी डेक्कनच्या सिग्नलला अडकलेली. म्हणजे मला कुणी काही विचारू शकत नव्हतं. मी हात खाली घेतला आणि पुन्हा बसले, अगदी हळू, वेत करकरू नये म्हणून.

काय सांगू कसं वाटलं! समोरच्या इमारतीच्या दोन भिंतींमधून टेकडीचा एक तुकडा दिसत होता, बसल्यावरच दिसतो तो, उभं राहिलं की भिंतीआड जातो. इतकी वर्षं मी या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि तो मला माहीत नव्हता. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. पिठल्याच्या रंगाची भिंत अंधारात बरी दिसत होती. मी पाय टायरवर ठेवले, माझ्या ओढणीवर, आणि डोळे मिटले. आत कुणीतरी मला शोधेपर्यंत मी कुणाचीच कुणी नव्हते. मला लाज वाटायला हवी होती, पण मला नुसतं सुख झालं.

आतलं सगळं ऐकू येत होतं. ऋतुजा मीटिंग संपवून बाहेर आली आणि भूक लागली म्हणाली. दिगंबर म्हणाले, आई येईल आता. सासूबाई म्हणाल्या, कुकर तरी लावू या. मग तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे यावर तिघांची बैठक झाली. डाळ त्या डब्यात आहे ज्यावर डाळ असं लिहिलं आहे. मी बाहेर बसून तोंडावर हात दाबून हसत होते.

मग दिगंबरांनी मला फोन केला. फोन घरातच वाजला, चपलांच्या रॅकवर, पर्समध्ये.

 "पर्स इथे आहे," ऋतुजा म्हणाली. "बाबा, चपला पण आहेत."

"म्हणजे येऊन परत गेली की काय?" सासूबाई म्हणाल्या. "अनवाणी?" त्यांचा आवाज घाबरलेला होता.

आता उठायला हवं होतं. मी उठणारच होते. खुर्चीच्या हातांवर जोर दिलाही होता. तेव्हा दिगंबर त्यांच्या आईला धीर द्यायला म्हणून बोलले, अगदी सहज, त्यात वाईट काही नव्हतं.

"अगं आई, घाबरू नकोस. जाऊन जाऊन जाणार कुठे ती?"

मी परत बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. भांडण झालं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण हे भांडण नव्हतं. ते खरं बोलले होते. मला जायला कुठे होतं? पतसंस्थेतून घरी, घरातून पतसंस्थेत, आणि मधे बसचा दांडा. माणसाला रागावून निघून जायलासुद्धा एखादं ठिकाण लागतं, आणि माझं ठिकाण हे होतं, चार पावलांवर, कडी लागलेलं.

ऋतुजा मला शोधायला खाली पळाली. पार्किंगमध्ये शर्मिला कुंड्यांना पाणी घालत होती. ऋतुजाने तिला काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण शर्मिलाने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या सोसायटीला कळेल अशा आवाजात म्हणाली, "अगं, त्या काय वर बसल्यात! मघापासून बघतेय मी. मला वाटलं, हवा खातायत."

ऋतुजा धावत वर आली आणि कडी निघाली. दारात तिघंही, मागे टीव्हीचा उजेड. मी पदराने तोंड पुसलं होतं, पण कळतंच.

"अगं, हाक मारायची नाही का?" दिगंबर म्हणाले. "आम्ही इथे घर डोक्यावर घेतलंय."

"हाक मारली असती तर उठावं लागलं असतं," मी म्हटलं.

 मग दिगंबरांनी वातावरण हलकं करायला, आईने घरच्या लक्ष्मीलाच बाहेर कोंडलं, असा एक विनोद सुरू केला. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तो विनोद तिथेच राहिला. सासूबाई मात्र आत गेल्या आणि त्यांनी कुकर लावला. तो आवाज मी खुर्चीत बसून ऐकला, तिसऱ्या शिट्टीपर्यंत.

पुढच्या रविवारी सकाळीच दिगंबर ड्रिल मशीन घेऊन बाल्कनीच्या दाराशी आले. त्यांना मनाला लागलं होतं, ते मला दिसत होतं. त्यांना लागलं की ते काहीतरी दुरुस्त करायला काढतात.

"ही कडीच काढून टाकतो," ते म्हणाले. "पुन्हा असं व्हायला नको."

"काढू नका," मी म्हटलं. "दुसरी बसवा. बाहेरून."

"बाहेरून?" त्यांना कळेना. "बाल्कनीला बाहेरून कडी? अगं, बाहेरून लावणार कोण?"

"मी."

"का पण?"

"तुम्हीच म्हणालात ना, जाऊन जाऊन जाणार कुठे ती. इथे जाणार."

त्यांनी मान खाली घातली आणि ड्रिलचं टोक उगीचच पुसत राहिले. मी ते ऐकलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. "तसं नव्हतं गं म्हणायचं," ते हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे, म्हणून तर रडू आलं. मग त्यांनी कडी बसवली. या वेळी भोकं सरळ पडली, प्लॅस्टर आलं नाही, आणि एकदाही त्यांनी मला स्टूल धर, टॉर्च धर असं सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी आले तेव्हा पोपटराव होतेच. मी म्हटलं, "भाऊजी, हॉलमध्ये बसा आता." त्यांनी दिगंबरांकडे बघितलं, दिगंबरांनी छताकडे. ते गेल्यावर मी दार ओढलं आणि कडी घातली. कडी नवी होती, जरा घट्ट बसली.

पहिल्यांदा ऋतुजाने दार वाजवलं. "आई, फक्त पाच मिनिटं गं, प्लीज." मी उत्तर दिलं नाही. मग दिगंबरांनी वाजवलं, काहीतरी सापडत नव्हतं म्हणून. मी उत्तर दिलं नाही आणि ते त्यांना सापडलं. मग बराच वेळ कुणी आलं नाही. नंतर पुन्हा वाजलं, पण हलकेच, नखाने वाजवावं तसं.

"हेमा, आहेस का गं?"

सासूबाई. आता दूध विचारणार, असं मला वाटलं. "आहे," मी म्हटलं, जरा तुटकच.

"तुझं झालं की सांग. मलाही जरा बसायचंय."

मी उठून दार उघडलं. त्या पॅसेजमध्ये उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. मेथी नाही, वाती नाहीत, जपमाळ नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांना असं रिकाम्या हाताने उभं असलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांचंही घर हेच, तेवढंच, माझ्याही आधीपासून. त्या तरी कुठे जात होत्या?

"या ना आई, बसा," मी म्हटलं. "दार उघडंच ठेवते, काही लागलं तर हाक मारा."

"नको," त्या म्हणाल्या. गवत टोचत असूनही चपला बाहेर काढून आत आल्या, खुर्चीचे दोन्ही हात धरून सावकाश टेकल्या. "तू जा. दार ओढून घे. कडी मी लावते."

मी दार ओढलं. त्यांना जरा वेळ लागला, कडी घट्ट होती, पण लागली.

"हेमा," दिगंबरांनी हॉलमधून विचारलं, "आई कुठे आहे?"

"कामात आहेत," मी म्हटलं.